सड्यावरचा दवबिंदू किडे कशाला धरतो?

पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "सप्टेंबरमध्ये मुलांना मसाई पठारावर न्यायचं आहे. तिथं किडे खाणारी झाडं असतात म्हणे. ती नेमकी कुठं बघायची? पठारावर तर धड माती नाही, मग ती जगतात कशावर? आणि पानं हिरवी असताना त्यांना किडे लागतातच कशाला? नर्सरीतून व्हीनस फ्लायट्रॅप आणून शाळेत ठेवला तर त्याला खत कुठलं घालायचं, आणि डास कमी होतील का?"

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. खत अजिबात घालू नका. खतानं ही झाडं मरतात, आणि का मरतात हे कळलं की मसाईसारख्या उघड्याबोडक्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, ती का टिकतात तेही कळतं.

पान हिरवं आहे म्हणजे साखर ते स्वतःच करतं. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड, एवढ्यावर त्याचं भागतं. किड्यातून त्याला ताकद मिळते असं मुलांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं, पण किडा त्यासाठी धरलेला नसतो. किड्यात प्रथिनं असतात, म्हणजे नत्र असतं. पेशींमध्ये स्फुरद असतं, थोडं पालाश असतं. झाडाला हवं असतं ते हे. आपल्याकडं उसाला युरियाचं पोतं लागतं. ऊस काही युरियानं गोड होत नाही, गोडी उन्हातून येते. पण नत्र नसेल तर पानच नीट होत नाही, मग ऊन पकडणार कोण? दवबिंदू, म्हणजे पानांवर चिकट थेंब असलेलं आपलं किडे खाणारं झाड, त्याचंही तेच, फक्त त्याचं पोतं उडत उडत येतं.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही. चार्ल्स डार्विननं १८७५ साली या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि पान किडा पचवतं हे दाखवून दिलं. पण पचवून झाडाचा फायदा काय, हा प्रश्न तसाच होता. तो त्याच्या मुलानं, फ्रान्सिस डार्विननं, हाती घेतला. त्यानं काही दवबिंदूंना मांसाचे बारीक कण दिले, काहींना किडे मिळू दिले नाहीत, आणि १८७८ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. सगळ्यात ठळक फरक बियांत पडला होता: खाऊ घातलेल्या झाडांना दुपटीहून जास्त बिया आल्या. आपल्या सड्यावरचा गवती दवबिंदू एका पावसाळ्याचं आयुष्य घेऊन येतो. दिवाळीनंतर तो कुठं दिसत नाही, मागं राहतात त्या फक्त बिया. त्यामुळं जास्त बिया याचा अर्थ त्याच्या लेखी काय होतो, ते मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

आता माती. पन्हाळ्यापासून मसाईकडं जाताना, किंवा गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या उंच सड्यांवर पायाखाली जो तांबडा, भोकाभोकांचा दगड लागतो तो जांभा. मूळचा तो आपला काळा बसाल्टच. लाखो वर्षं त्याच्यावर पाऊस पडत राहिला आणि त्यातलं विरघळण्यासारखं सगळं, म्हणजे चुना, मॅग्नेशियम, पालाश, बरीचशी सिलिकासुद्धा, वाहून गेलं. उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. या ॲल्युमिनियमपायीच आपल्या जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. खाणवाल्यांना सडा श्रीमंत वाटतो, झाडाला तोच कंगाल असतो. कारण मात्र एकच.

कंगाल म्हणजे किती? नत्राचा नायट्रेट पाण्यात सहज विरघळतो, पावसाबरोबर निघून जातो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथं काय टिकणार! स्फुरद वाहून जात नाही, पण लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला असं घट्ट धरून ठेवतात की मुळाला तो सोडवून घेता येत नाही. त्यात खाली कातळ सपाट, पाणी मुरत नाही, चार बोटं मातीचा थर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिखलात बसलेला. मातीतली हवा संपली की नायट्रेट तयार करणारे जिवाणू थंडावतात, आणि हवेविना जगणारे दुसरे जिवाणू असलेला नायट्रेटही वायू करून उडवून देतात. म्हणजे येणारी वाट बंद आणि जाणाऱ्या वाटा दोन.

अशा जागी राहायचं तर प्रत्येकानं आपापली सोय लावलेली असते. सड्यावर पिवळा कवला फुलतो, ज्याला मुलं मिकी माऊस म्हणतात. तो कडधान्याच्या कुळातला, मुळावरच्या गाठींतले जिवाणू त्याला हवेतला नत्र पकडून देतात. ज्वारीतला टारफुला तुमच्या मुलांपैकी निम्म्यांनी शेतात बघितला असेल; तो सरळ दुसऱ्याच्या मुळाला तोंड लावतो. गेंदाची पांढरी बोंडं सगळीकडं दिसतात, तो थोडक्यात भागवतो, वाढतोच बेताचा. दवबिंदू आणि निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं यांनी किड्यांची वाट धरली. सहलीत हे चारही एका नजरेत दाखवता आले तर पुस्तकातला धडा फिका पडेल. नुसता दवबिंदू दाखवला तर मुलं "भारी!" म्हणतील आणि विसरतील.

मग प्रश्न येतो, एवढी चांगली युक्ती आहे तर सगळीच झाडं ती का करत नाहीत? दाजीपूरच्या जंगलातली मातीही काही फार सकस नाही, तिथं गच्च झाडीत दवबिंदू का नाही? कारण सापळा महाग पडतो. केसाळ, चिकट, लाल पान ऊन पकडायला साध्या हिरव्या पानापेक्षा कमी कामाचं. चिकट थेंब करायला साखर जाते, पाणी जातं. ऊन आणि पाणी दोन्ही फुकट मिळत असतील आणि अडलं असेल ते फक्त नत्र-स्फुरदावर, तरच हा खर्च परवडतो. टी. जे. गिव्हनिश या अमेरिकन शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये हा हिशेब नीट मांडला आणि तो आजवर बराचसा टिकलाय. सावलीत ऊन कमी, म्हणून परवडत नाही. कोरड्या माळावर पाणी नाही, म्हणून नाही. उसाच्या शेतात खतच खत, म्हणून नाही; तिथं साधं गवत बघता बघता वर जाऊन याला झाकून टाकतं. तीन अटी एका जागी जुळायला लागतात: ऊन लख्ख, पाणी भरपूर, माती उपाशी. पावसाळ्यातला सडा तिन्हीत बसतो. जगभर हीच गोष्ट आहे, युरोपातल्या दलदली घ्या नाहीतर व्हेनेझुएलातली कातळी पठारं घ्या.

त्यामुळं शोधायचं कसं ते आपोआप ठरतं. पठारावर पोचल्यावर मुलं सगळ्यात हिरव्या, उंच गवताकडं पळतील. तिथं जाऊ नका. जिथं गवत आखूड आणि विरळ आहे, कातळ मधूनमधून डोकावतोय, पातळ मातीतून पाणी झिरपतंय आणि बूट टेकला की पचक् आवाज येतो, तिथं बसा. उभं राहून दिसत नाही, उकिडवंच बसावं लागतं. सकाळी नऊ-दहाची वेळ बरी. ऊन तिरकं असलं की थेंब चमकतात आणि झाड स्वतःच पत्ता सांगतं.

गवती दवबिंदू वीतभर उंचीचा, नाजूक. पानं म्हणजे दोऱ्यासारख्या लांब काड्याच, आणि प्रत्येक काडीवर उभे केस. केसाच्या टोकाला लालसर गाठ आणि गाठीवर पारदर्शक थेंब. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. थेंब पाण्याचा नाही हे लगेच कळेल, गवताची काडी लावून ओढली तर तार सुटते. एखादं चिलट चिकटलं की आधी त्याचा एक पाय अडकतो. तो सोडवायला ते दुसरा टेकवतं, मग पंख. जितकी धडपड जास्त तितके जास्त थेंब अंगाला लागतात, आणि शेवटी त्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रं त्या डिंकात बुजतात. बहुतेक किडे मरतात ते गुदमरून. तोवर आजूबाजूचे केस किड्याकडं कलायला लागलेले असतात. मुलांना घड्याळ लावून बघायला सांगा, पण धीर धरायला लावा. गवती दवबिंदू सावकाश काम करतो. मग गाठीतून पाचक रस सुटतात: प्रथिनं तोडणारे, स्फुरद सोडवणारे. ज्या गाठीनं रस सोडला तीच विरघळलेलं सत्त्व परत शोषून घेते. काही दिवसांनी केस सरळ होतात आणि पानावर किड्याचं रिकामं टरफल उरतं. अशी टरफलं प्रत्येक झाडावर दिसतील, ती मोजायला लावा. मोजण्याच्या नादात मुलं आपोआप नीट बघतात.

डार्विननं एक गोष्ट बघून ठेवलीय, ती आपल्या पावसात फार महत्त्वाची: वरून पडणाऱ्या थेंबांना केस दाद देत नाहीत. नाहीतर सड्यावरच्या पावसात हे झाड दिवसभर रिकामी मूठ वळत बसलं असतं. जोराच्या सरीनंतर चिकट थेंब धुऊन निघालेले असतात, मात्र उघडीप मिळाली की पुन्हा भरतात. म्हणून धो धो पावसाच्या दुसऱ्या मिनिटाला जाऊन "इथं काही चमकत नाही" म्हणू नका.

दुसरा, नुसता दवबिंदू, जमिनीला चिकटून असतो. पानांचं चक्र जुन्या रुपयाएवढं, पानं चमच्यासारखी, उन्हात लालभडक. याच्या पानाच्या कडेचे लांब केस मात्र विजेच्या चपळाईचे, किडा लागला की काही सेकंदांत आत वळतात. डोळ्यादेखत हालचाल बघायची तर हाच बघा. फूल पांढरं, उंच बारीक दांड्यावर, पानांपासून लांब. परागीभवन करायला येणारा पाहुणा खाली सापळ्यात पडू नये म्हणून ही लांबी असं सांगितलं जातं. असेल, पण गवताच्या वर डोकं काढायलाही ती उपयोगाची आहेच, आणि मला हे दुसरं कारण जास्त पटतं. भारतात तिसरीही एक जात आहे, ढालीसारख्या पानांची. तिला जमिनीत बारका कंद असतो, त्यामुळं ती दरवर्षी त्याच जागी वर येते.

आता सीतेची आसवं. दवबिंदू बघायला लोक भिंग घेऊन जातात आणि पाय देतात या निळ्या-जांभळ्या गालिच्यावर, हे त्यांच्या गावीही नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात सडेच्या सडे निळे होतात ते यांनीच. फूल बघून कुणाला शंका येणार नाही की हेही शिकारी आहे, कारण शिकार सगळी मातीखाली चालते. या वनस्पतीला खरं मूळच नसतं. दोऱ्यासारखे धागे ओल्या चिखलात पसरलेले असतात आणि त्यांना लागलेल्या असतात बारीक पिशव्या, मोहरीपेक्षाही कितीतरी लहान.

ती पिशवी कशी चालते, हे मला आजही सांगताना मजा येते. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर उपसते, त्यामुळं भिंती आत खेचल्या जातात आणि आत दाब कमी होतो. तोंडावर झडप, झडपेवर दोन-चार ताठ केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की झडप आत दुमडते, भिंती एकदम सुटतात आणि पाण्याबरोबर जीव आत. वेळ किती? एका मिलिसेकंदाहून कमी. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागातही मावून जाईल इतकी. खुद्द डार्विनला वाटत होतं की जीव स्वतःच डोकं खुपसून झडप ढकलतात. त्याचं चुकलं यात त्याचा दोष नाही, हे टिपायला सेकंदाला हजारो चित्रं घेणारा कॅमेरा लागतो आणि तो त्याच्या काळी नव्हता. नंतर पंधरा मिनिटं ते अर्धा तास पाणी उपसून पिशवी पुन्हा सज्ज होते. आत प्राणवायू जवळपास नसतोच, त्यामुळं शिकारीला फार वेळ लढता येत नाही.

एक खुलासा करायला हवा. पिशव्या उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर आत प्राण्यांपेक्षा शेवाळच जास्त सापडतं, असं अनेकदा होतं. त्यातलं काही शेवाळ आत मजेत जगतंही. काही पिशव्या कुणी हात न लावता आपोआप सुटतात. त्यामुळं ही वनस्पती नुसत्या जिवांवर आहे असं म्हणण्यापेक्षा चिखलातल्या पाण्यात जे मिळेल ते आत ओढते, असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होईल.

मुलांना पिशवी दाखवायची तर सड्यावरचं झाड उपटू नका. त्या पिशव्या इतक्या लहान असतात की चिखल धुताना तुटतात आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा स्वच्छ, संथ पाण्याच्या डबक्यात किंवा भाताच्या खाचरात पिवळ्या फुलांची तरंगणारी जात मिळते, तिची बोटभर फांदी बरणीत घ्या. तिच्या पिशव्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रिकाम्या पारदर्शक, भरलेल्या काळपट. फांदी पाण्यातून झटकन वर काढून कानाशी धरली तर बारीक कडकड ऐकू येते. पिशव्या सुटतात आणि पाण्याऐवजी हवा ओढतात, त्याचा तो आवाज. वर्ग शांत करायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. फांदी नंतर त्याच डबक्यात सोडा. आणि हो, रंकाळ्यात शोधायला जाऊ नका. ज्या पाण्यात जलपर्णी माजते त्या पाण्यात नत्र-स्फुरदाची चंगळ असते, तिथं हिचा निभाव लागत नाही.

सीतेच्या आसवांच्या या घराण्यात, म्हणजे युट्रिक्युलॅरियात, जगभर अडीचशेच्या आसपास जाती आहेत आणि नव्या अजून सापडतात. आपल्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली महाराष्ट्रातल्या सड्यांवरची एक जात शास्त्राला नवी म्हणून नोंदवली, युट्रिक्युलॅरिया जनार्थनामी. गोवा विद्यापीठातले या कुळाचे अभ्यासक एम. के. जनार्थनम यांचं नाव तिला दिलंय. वर्गात हे जरूर सांगा. शोध लावायला ॲमेझॉनलाच जावं लागतं असं मुलांना वाटायला नको. आणखी एक पांढरी-फिकट जांभळी, चिमुकली जात कातळावरच्या आणि झाडाच्या खोडावरच्या ओल्या शेवाळात उगवते. गगनबावड्याच्या घाटात गाडी थांबवून भिजलेल्या दरडीकडं बघा, भज्यांच्या गाडीकडं नंतर.

मुलं हमखास विचारतात, चिकट असलेलं प्रत्येक झाड किडे खातं का? नाही. निपाणीच्या बाजूची मुलं असतील तर तंबाखूचं उदाहरण घ्या. तंबाखूचं पान हाताला चिकटतं, त्यावर मावा, चिलटं मरून पडलेली असतात. पण तो बंदोबस्त आहे, पान खाऊ नये म्हणून केलेला. मेलेल्या किड्यातून सत्त्व काढून घ्यायची सोय तंबाखूनं केलेली नाही. किडा धरणं, तो पचणं आणि पानानं ते शोषणं, हे तिन्ही असेल तरच झाड या पंगतीत बसतं. मधली पायरी काही जण दुसऱ्यांकडून करून घेतात. दक्षिण आफ्रिकेतलं रोरिड्युला नावाचं झुडूप किडे चिकटवतं, ते किडे त्यावरच राहणारे ढेकणासारखे कीटक खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून झाडाला नत्र मिळतं. आपल्याकडचा चित्रक मोठा गमतीचा. त्याच्या फुलाखालच्या भागावर चिकट गाठी असतात, आणि दवबिंदूचं घराणं त्याच्या जवळच्या नात्यातलं आहे. तरी चित्रक शिकारी म्हणून गणला जात नाही.

घटपर्णीबद्दल थोडक्यात, कारण पाठ्यपुस्तकात चित्र तिचंच असतं आणि मुलं ती मसाईवर शोधतात. भारतात रानात उगवणारी घटपर्णी एकच, मेघालयातली. तिच्या सुरईच्या काठावर किडा घसरतो, आतल्या रसात बुडतो. तिच्यावर कायद्याचं संरक्षण आहे. महाराष्ट्रात ती कुठं दिसलीच तर कुंडीत.

व्हीनस फ्लायट्रॅपचं मूळ गाव तर अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचा किनारपट्टीचा एक छोटा पट्टा, बस्स. तिथंही तेच, दलदल, वाळू, उपाशी माती, लख्ख ऊन. पानावरच्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच ते मिटतं, म्हणजे वाऱ्यानं आलेल्या काडीवर कष्ट वाया जात नाहीत. शाळेत आणायचा तर आणा, पण सांगून ठेवतो: मुलं दिवसभर बोटं घालून पानं मिटवत बसतील. एक पान थोड्याच वेळा मिटू शकतं, मग काळं पडतं. चिकनचे तुकडे तर मुळीच घालू देऊ नका, पानात सडतात. नळाचं पाणी नको, विहिरीचं त्याहून नको. त्यातले क्षार साठत जातात आणि झाड हळूहळू जातं. पाण्यातले क्षार ५० पीपीएमच्या (लिटरला ५० मिलिग्रॅमच्या) आत हवेत, म्हणजे आरओचं किंवा पावसाचं पाणी. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पत्र्याखाली एक पिंप ठेवलं की वर्षाचा प्रश्न मिटला. कुंडीत शेतातली माती, शेणखत, गांडूळखत काहीही नको. चांगलं धुतलेलं कोकोपीट आणि वाळू पुरे, आणि कुंडीखालच्या ताटलीत कायम पाणी. एवढं करूनही खरी अडचण हिवाळ्याची. फ्लायट्रॅपला तीनेक महिने कडक थंडीची झोप लागते आणि आपल्याकडं डिसेंबरातही रात्री तेवढा गारठा पडत नाही. पहिलं वर्ष तो टवटवीत दिसतो, नंतर खंगतो. मी विद्यार्थ्यांना त्याऐवजी बियांपासून वाढवलेला, रोपवाटिकेतला दवबिंदू घ्यायला सांगतो. आपल्या हवेत तो रुळतो.

डास कमी होतील का? होणार नाहीत. एका पानाला एक डास आठवडाभर पुरतो. शाळेभोवतीची डबकी बुजवा.

तरीही खतावरची एक गोष्ट राहिली. स्वीडनमधल्या दलदलींत दवबिंदूवर अभ्यास झालाय. हवेच्या प्रदूषणातून जिथं पावसाबरोबर नत्र जास्त पडतं, तिथं झाडानं किड्यांवरचा भार कमी केलेला दिसला. स्वच्छ भागात निम्म्याहून अधिक नत्र किड्यांतून येत होतं, प्रदूषित भागात ते पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर आलं. मुळातून आयतं मिळायला लागल्यावर चिकटपणावर खर्च कोण करील? हे झाडाच्या सोयीचं वाटतं खरं, पण आयतं नत्र गवतालाही मिळतं, आणि गवताशी उंचीच्या शर्यतीत दवबिंदू हरतो.

म्हणून सहलीत मला काळजी वाटते ती मुलांच्या हातांची कमी आणि डब्यांची, गाड्यांची जास्त. गुरांमुळं सडा खराब होतो असं सरसकट म्हणू नका. चरण्यानं गवत आखूड राहतं ते या बुटक्यांना सोयीचंच असतं. कासच्या कुंपणावरून हाच वाद रंगला होता. खरा घात होतो तो चाकांनी. चार बोटं मातीत चाकोरी पडली की पाणी तिकडून निघून जातं आणि शेजारची झिरपणारी जागा कोरडी पडते. गाडी रस्त्यावरच लावा. जेवण देवळापाशी उरका, उरलेलं अन्न आणि साबणाचं पाणी सड्यावर टाकू नका. मुलांना पाचपाचच्या गटांत, कातळावरून चालत न्या. एका गटाला एक भिंग पुरतं.

तारीख धरायची तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा, गौरी-गणपतीच्या सुट्ट्या सांभाळून. दसऱ्यापर्यंत लांबवलंत तर निळा गालिचा संपलेला असेल, गवती दवबिंदू पिवळा पडलेला असेल, पण झिरपत्या जागांवर जमिनीलगतच्या दवबिंदूच्या लाल चकत्या तरीही सापडतील. राधानगरी किंवा दाजीपूरकडं न्यायचं ठरलं तर ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा आणि तिथून पानसुद्धा उचलू नका. फोटो काढताना फोनच्या कॅमेऱ्यापुढं भिंग धरलं की थेंब छान येतात. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर फोटोत नुसते पांढरे ठिपके दिसतात.